मदत हवी आहे: डिसेक्शन हॉलमधे एआर मॉडेल जागेवर राहत नाही

नमस्कार मंडळी, मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात फर्स्ट इयरला ॲनाटॉमी शिकवते. ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून काखेतून हाताकडे जाणारं मज्जातंतूंचं जाळं) आला की दरवर्षी तेच, सी५ ते टी१ रूट्स, ट्रंक, डिव्हिजन, कॉर्ड सगळं तोंडपाठ, आकृती तर डोळे मिटून काढतील, पण बॉडीवर ॲक्झिलरी आर्टरीच्या (काखेतल्या धमनीच्या) मागची पोस्टेरियर कॉर्ड दाखव म्हटलं की हात तिथेच अडतो. कागदावर ‘मागे’ दिसतच नाही ना.

म्हणून यंदा दोन अँड्रॉइड टॅबवर एआर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर थ्रीडी मॉडेल दाखवणं, सुरू केलं. भाच्याने युनिटी आणि एआरकोअर ही सॉफ्टवेअर वापरून ॲप करून दिलंय, स्टीलच्या टेबलावर मार्कर (कॅमेरा ओळखतो ते छापील चित्र) ठेवला की त्यावर खांदा नि काख उभी राहते, मुलं भोवती फिरून बघतात. स्टाफरूममधे मस्त चाललं, हॉलमधे मात्र मॉडेल सरकत सरकत टेबलाच्या कडेला जातं. दुसरी अडचण त्याहून मोठी. परवा एका मुलीने आर्टरीच्या अलीकडे बोट धरलं तरी आर्टरी तिच्या बोटावरूनच गेलेली दिसली, ती म्हणाली मॅडम, माझं बोट पुढे आहे का मागे? जे शिकवायला हे आणलं तेच चुकीचं शिकवलं जातंय, मला फार लागलं ते.

होलोलेन्सचा एआर चष्मा सुचवू नका प्लीज, मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ बनवणंच २०२४ मधे थांबवलं. आणि डिसेक्शन मला बंद करायचंच नाहीये, स्काल्पेल लावायच्या आधी मुलांना खोली कळावी एवढंच. सोमवारी पुढची बॅच आहे.

प्रतिसाद:
मॅडम, सरकतंय ते बहुतेक टेबलामुळे. कॅमेरा आजूबाजूच्या बारीक खुणा धरून स्वतःची जागा ठरवतो, चकचकीत स्टीलवर त्याला ट्यूबलाइटची प्रतिबिंबं सापडतात आणि टॅब हलला की तीही हलतात. खाली छापील चादर अंथरा. मार्कर लॅमिनेट केलाय का? साध्या मॅट कागदावर काढा, निदान १५ सेंटिमीटरचा, आणि एकच नक्षी परत परत नको. बोटासाठी ॲपमधे डेप्थ ऑक्लूजन (पुढची खरी वस्तू मागच्या मॉडेलला झाकते ती सोय) चालू करायला सांगा, टॅबला सपोर्ट असेल तरच चालेल. नसेल तर बोट मधे आणूच नका, स्क्रीनवर आर्टरीला टॅप केलं की ती पारदर्शक होऊन मागची कॉर्ड दिसेल असं करून घ्या.

मी:
हो हो, लॅमिनेटच केलाय, फॉर्मलीनने भिजतो म्हणून! संध्याकाळी हॉल रिकामा असतो, आजच चादर नि कागद घेऊन बसते. टॅप करायची कल्पना फारच आवडली, भाच्याला लगेच कळवते. टॅबला डेप्थ सपोर्ट आहे का हे कुठे बघायचं?