मदत हवी आहे : पाझर तलावाच्या मागून पाणी फुटलंय, काय करावं?

रानवाट (सकाळी 6.50)
तलावाच्या मागच्या अंगाने कालपासून पाणी येतंय. काल करंगळीएवढी धार होती, आज मनगटाएवढी आहे. काळी माती आणून दोनदा दाबली, तर बाजूने फुटून येते. पाऊस थांबत नाही. गळती बंद करायचा उपाय माहीत असेल तर लगेच सांगा. लांबलचक माहिती नको.

हिरवं शिवार (7.05)
आमच्या शेततळ्याला 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद अंथरलाय. सात वर्षं झाली, थेंब गळत नाही. तलावाला आतून तोच टाका, विषय मिटेल. कागद कुठला घ्यायचा ते सांगतो.

निवृत्त ओव्हरसिअर (7.20)
रानवाट, आधी माती टाकणं थांबवा. मागच्या बाजूने बूच मारलं की आतलं पाणी बांधातच तुंबतं आणि दुसरीकडून जास्त जोराने फुटतं. तुम्ही दोनदा तेच पाहिलंय.
आता चार गोष्टी सांगा. पाणी उतारावरून येतंय, पायथ्यातून येतंय की पायथ्यापासून लांब जमिनीतून? नितळ आहे की गढूळ? बांधाच्या माथ्यापासून पाण्याची पातळी किती खाली आहे? सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, वाहतोय का?

विहीरकाठ (7.31)
पाझर तलाव पाझरणारच, त्यासाठीच बांधलाय. आमच्या तलावात संक्रांतीनंतर पाणी दिसत नाही, पण खालच्या विहिरी एप्रिलपर्यंत चालतात. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर गावोगावी हे तलाव झाले ते पाणी साठवून दाखवायला नाही, जमिनीत मुरवायला. उगाच घाबरू नका.

रानवाट (7.40)
पायथ्यातून येतंय, उजव्या हाताला. गढूळ आहे का काय बघणार, सगळीकडे पावसाचं पाणी वाहतंय. खाली नाल्याच्या काठाला वस्ती आहे, 11 घरं. ज्या कार्यालयात फोन केला तिथून "कळवतो" म्हणाले. उपाय सांगा ना.

निवृत्त ओव्हरसिअर (7.52)
वस्ती आहे हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. आज रात्री त्या 11 घरांत कोणी झोपू नये. शाळेत किंवा देवळात हलवा. तहसीलदारांना कळवा आणि जिल्हा आपत्ती कक्षाला 1077 वर फोन लावा.
काचेची स्वच्छ बाटली घ्या. धार जिथून निघते तिथेच तोंड लावून भरा, वाहत आलेलं पाणी नको. अर्धा तास हलवू नका, मग तळाला माती बसते का बघा. नितळ पाणी म्हणजे पाझर. तळाला माती बसली म्हणजे पाणी बांध पोखरून आतली माती बाहेर आणतंय.
विहीरकाठ, तुमचं म्हणणं तलावाच्या बुडाबद्दल खरं आहे, बांधाबद्दल नाही. पाणी बुडातून मुरूमात आणि खडकाच्या भेगांत उतरलं तर विहिरीला लागतं. बांधातून निघालं तर नाल्याने वाहून जातं. राळेगणसिद्धीचा जुना पाझर तलाव असाच गळका होता, पाणी ठरत नव्हतं. गावाने श्रमदानाने तो दुरुस्त केला तेव्हा खालच्या विहिरींना पाणी आलं.

विहीरकाठ (8.04)
राळेगणचं माहीत आहे. पण प्रत्येक ओल म्हणजे फुटलेलं धरण नव्हे. आमच्या बांधाच्या पायथ्याला दगडी भरावातून 20 वर्षं पाणी झिरपतंय, काही झालं नाही.

निवृत्त ओव्हरसिअर (8.09)
तो दगडी भराव त्यासाठीच असतो. पाणी निघू द्यायचं, माती अडवायची. तिथून 20 वर्षं एकसारखं झिरपणं वेगळं. करंगळीची धार एका रात्रीत मनगटाएवढी होणं वेगळं.

कोकणकडा (8.15)
2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. तेही मातीचंच. गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या, तशा बातम्या आल्या होत्या. खेकड्यांनी पोखरलं असं तेव्हा मंत्री म्हणाले. तुमच्याकडे खेकडे आहेत का बघा.

झाडोरा (8.22)
खेकड्यांपेक्षा झाडं बघा. बांधावर वेडी बाभूळ किंवा पिंपळ आहे का? मुळांच्या वाटेने पाणी येतं. जेसीबी लावून आजच मुळासकट उपटा.

निवृत्त ओव्हरसिअर (8.26)
बिलकुल उपटू नका! भर पावसात मूळ ओढलं तर खड्डा पडेल आणि पाण्याला आयती वाट मिळेल. खोड कापून मूळ तसंच सोडलं तरी काही वर्षांत कुजून आत पोकळी होते. म्हणून रोप लहान असतानाच काढायचं. या घडीला झाडाला हात लावू नका.

झाडोरा (8.30)
मी दोन बांधांवरची झाडं काढलीत, काही झालं नाही.

निवृत्त ओव्हरसिअर (8.33)
उन्हाळ्यात काढली असतील. तलाव कोरडा असताना काढून, खड्डा थर-थराने ठोकून भरला तर चालतं.

मत्स्यबीज (8.41)
तलाव भरलाच आहे तर कटला-रोहूचं बोटुकलं सोडायची हीच वेळ. ठेका ग्रामपंचायतीकडे आहे का?

रानवाट (8.58)
माशांचं नंतर. बाटली भरून ठेवली होती. तळाला माती बसली, नखाएवढा थर आहे. पाणी माथ्यापासून अंदाजे दोन फूट खाली. सांडव्यावरून थोडंच जातंय, कारण त्यावर पोती लावलीत.

निवृत्त ओव्हरसिअर (9.01)
कसली पोती?

रानवाट (9.06)
वाळूची. दोन थर. गेल्या वर्षी मार्चमध्ये विहिरी आटल्या, टँकर लागला. म्हणून यंदा गावाने मिळून सांडवा दीड फुटाने वाढवला. तेवढंच पाणी जास्त. त्याचा गळतीशी काय संबंध? गळती खाली आहे.

निवृत्त ओव्हरसिअर (9.14)
संबंध आहे, आणि हीच गोष्ट मी शोधत होतो. पाणी दीड फुटाने चढलं म्हणजे बांधावर तेवढा दाब वाढला. त्याहून मोठी गोष्ट ही की माथा आणि सांडवा यांच्यातली मोकळी उंची तुम्ही खाऊन टाकलीत. मातीचा बांध पाणी डोक्यावर घेत नाही. काँक्रीटच्या बंधाऱ्यावरून पाणी गेलं तरी तो उभा राहतो. मातीच्या बांधावरून फूटभर पाणी तासभर वाहिलं तरी तो कापत जातो.
पोती आत्ता काढा. एकदम नाही, नाल्याला लोंढा येईल. खालच्या लोकांना सांगून मधली चार-पाच काढा, पाणी उतरू द्या, मग पुढची.

विहीरकाठ (9.25)
इथे काकांशी सहमत. पोती काढाच. पण लांबून बोलणं सोपं आहे. मार्चमध्ये हंडे घेऊन उभं राहणाऱ्या बायांना दीड फूट पाणी काय असतं ते कळतं. गावाने चूक केली, पण हौसेने नाही केली.

रानवाट (9.31)
काढायला माणसं गेली. काही जण ऐकत नाहीयेत, म्हणतात पाणी गेलं तर परत येणार नाही. धारेचं काय करू?

निवृत्त ओव्हरसिअर (9.40)
त्यांना म्हणावं, बांध गेला तर एकही विहीर भरणार नाही.
धारेवर उलटं गाळण करा. तोंडावर आधी जाड वाळू अर्धा फूट, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी, मग दगड. हा क्रम उलटा करू नका. काळी माती किंवा प्लॅस्टिक अजिबात नको. पाणी येत राहिलं पाहिजे, फक्त माती मागे राहिली पाहिजे. वाळू उडून जात असेल तर भोवती पोत्यांचं गुडघाभर उंच कडं करा, म्हणजे आत पाणी साचून धारेचा जोर कमी होईल.
आणि एक सांगा, या उन्हाळ्यात गाळ काढला होता का?

रानवाट (9.44)
हो, मे महिन्यात. गाळमुक्त धरण योजनेतून. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरने नेला. का?

निवृत्त ओव्हरसिअर (9.50)
बांधाच्या किती जवळ? मुरूम लागेपर्यंत का?

रानवाट (10.02)
उजव्या बाजूला अगदी बांधाला लागून. तिथला गाळ चांगला होता म्हणून तिथूनच जास्त उचलला. पिवळा मुरूम लागला होता.

निवृत्त ओव्हरसिअर (10.11)
धारही उजव्याच बाजूला आहे. बांधाच्या आतल्या पायथ्याशी इतक्या वर्षांत बसलेला गाळ पाण्याला झाकणासारखा अडवत होता. ते झाकण काढून मुरूम उघडा पडला की पाणी बांधाखालून वाट काढतं. बांधताना पाणी अडवायला बांधाच्या पायात खणून मातीने भरलेला चर कठीण थरापर्यंत गेला नसेल तर आणखी सोपं. नक्की काय ते तलाव उतरल्यावर खड्डे घेऊनच कळेल. गाळ काढणं वाईट नाही, क्षमता वाढते. पण बांधापासून चांगलं अंतर सोडायचं आणि मुरूमाला हात लावायचा नाही.

हिरवं शिवार (10.20)
म्हणून म्हणतो, कागद टाका. ना गाळाची भानगड, ना मुरूमाची.

विहीरकाठ (10.24)
दादा, कागद टाकला तर पाणी मुरणार कुठून? मग तो पाझर तलाव कसला?

बांधबंदिस्ती (11.15)
पुढच्या पत्रव्यवहारासाठी: सिंचन क्षमता 100 हेक्टरपर्यंत असेल तर तलाव जिल्हा परिषदेकडे, 101 ते 600 असेल तर राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे. अर्जात "गळती" एवढंच लिहू नका. धारेची जागा, मिनिटाला किती बादल्या, गढूळ की नितळ, वस्तीतली घरं, सगळं लिहा आणि फोटो जोडा.

रानवाट (सायंकाळी 6.35)
पोती सगळी काढली. पाणी सव्वा फूट उतरलं. वाळू पहिल्यांदा वाहून गेली, मग कडं करून टाकली, ती बसली. धार चालू आहे पण बारीक झाली. आत्ता बाटली भरली, तळाला काही दिसत नाही. दुपारी उपअभियंता येऊन गेले, त्यांनीही गाळणच वाढवायला सांगितलं. वस्ती शाळेत आहे. सकाळी चिडून बोललो, माफ करा.

निवृत्त ओव्हरसिअर (6.48)
त्यात काय. रात्री दोघं बॅटरी घेऊन आळीपाळीने बांधावर थांबा, एकटं कोणी जाऊ नका. सांडव्याच्या भिंतीवर रंगाने खूण करा आणि दर दोन तासांनी पातळी लिहा. दर वेळी नवी बाटली भरा, जुन्या बाटल्या वेळ लिहून ओळीने ठेवा. पहाटे 5 वाजता काय दिसतं ते इथे टाका, मी जागा आहे.