सहल: क्रीमरीचं आइस्क्रीम आणणार कोण?

मंडळी,
शनिवारची सहल पक्की. स्टेट कॉलेज गावाहून, पेन स्टेट विद्यापीठाच्या क्रीमरी या आइस्क्रीमच्या दुकानातून, अर्ध्या गॅलनचे १० डबे आणायचे आहेत. माणसं ८०, म्हणजे प्रत्येकी दोन स्कूप. गेल्या वर्षी निम्मं वाटेतच पातळ झालं, आपण ते परत गोठवलं आणि मुलांनी बर्फाचे खडे चावले. यंदा तसं नको. मोठा कूलर कोणाकडे आहे?
— सचिव

सचिव,
कूलर माझा घ्या. पण सुका बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) हवा, तो उणे ७८ अंशांचा असतो. जाड हातमोजे घाला, काचा थोड्या उघड्या ठेवा (त्याचा वायू होऊन गाडीत साठतो) आणि त्या गाडीत मुलं नकोत.
खडे झाले ते आपल्यामुळे. वितळलेलं आइस्क्रीम घरच्या फ्रीजरमध्ये सावकाश गोठतं, मग स्फटिक मोठे होतात. मी पेन स्टेटमध्ये शिकायला होतो तेव्हा क्रीमरी जुन्या बोरलँड इमारतीत होती. २००६ मध्ये फूड सायन्सच्या नव्या इमारतीत गेली. १८९२ पासून तिथे आइस्क्रीम करायला शिकवतात. ‘बेन अँड जेरीज’ आइस्क्रीमवाल्या बेन आणि जेरी यांनी तिथलाच ५ डॉलरचा पत्रद्वारा कोर्स करून १९७८ मध्ये दुकान काढलं. तिथलं आइस्क्रीम आपण असं नासवावं, याचं मला अजून वाईट वाटतं.
— अण्णा

अण्णा,
आमच्या अलिबागच्या अंगणात आजोबा पॉट फिरवायचे. बर्फ आणि खडेमीठ, बस. कोर्स नव्हता आणि खडाही लागत नसे. सुक्या बर्फाचं जोखीम कशाला? आणि गोडाचं सहा वर्षं मी बघते. माझं आमरसाचं पॉट आइस्क्रीम यंदा नाही, हे कधी ठरलं?
— माई

माई, पॉट हवंच! क्रीमरीच्या एकाच डब्यात अर्धं पीच, अर्धं कॉफी मिळेल का? घरी दोघांची आवड वेगळी.
— धाकटी वहिनी

वहिनी, नाही. तिथे काउंटरवर एका कोनातसुद्धा दोन चवी देत नाहीत. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आले तेव्हा तेवढी सूट दिली होती. दोन डबे घ्या.
माई, पॉटमध्ये आपण सतत फिरवतो म्हणून स्फटिक बारीक राहतात. डबा दोन तास नुसता पडून असतो, आणि मीठ घातलेला बर्फ भराभर वितळतो.
— अण्णा

माई, पॉट रद्द नाही, माझी लिहिण्यात चूक झाली. डबे ८ करू. खडेमीठ मी आणतो, सुका बर्फ अण्णा. गाडीचं मात्र अजून कोणीच बोललेलं नाही.
— सचिव