जीएनएमच्या पोरींना पर्यावरण शिकवायचं कसं? "झाडे लावा" सोडून काहीतरी सुचवा

कापूसपट्टा_टीचर
नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यात जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला शिकवते. पर्यावरण आणि आरोग्य या विषयाला सहा तास मिळालेत. पहिल्या तासाला मी ओझोनचा थर, हरितगृह वायू सांगत बसले, पोरी नुसत्या वहीत उतरवत होत्या. तास संपल्यावर एकीनं हळूच विचारलं, मॅडम, 2017 ले फवारणीत विषबाधा झाली तेव्हा माझे काका ॲडमिट होते, ते पण याच्यातच येते का? मला काही सुचेचना. येतेच ना! उद्या या पोरी उपकेंद्रात जातील, असा पेशंट आधी यांच्याच समोर येईल. उरलेले पाच तास कसे घेऊ, सांगा.

सिस्टर_उपकेंद्र
ताई, काकापासूनच सुरू करा. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, फवारा सरळ तोंडावर येत होता, आपल्या जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली. पोरींना आधी हे शिकवा की तोंडाले लाळ, डोळ्याची बाहुली बारीक, घाम दिसला की हातमोजे घालून कपडे काढा, साबणपाण्यानं अंग धुवा, नातेवाइकाले फवारणीच्या औषधाचा डबा आणायले सांगा अन् लगेच पुढे पाठवा, त्यावरचं औषध ॲट्रोपिन डॉक्टर देतील. डब्यावरचा लाल-पिवळा त्रिकोण, म्हणजे विष किती जहाल ते सांगणारी खूण, वाचता आलाच पाहिजे. मग विचारा, काहून एवढी फवारणी करा लागली? गुलाबी बोंडअळी तिच्याचसाठी आणलेल्या बीटी कपाशीले दाद देईना, तिथून तुमचा पर्यावरणाचा तास आपोआप चालू होते.

चांदा_४७
एक तास उन्हाचा घ्या. आमच्या चंद्रपूरले मे महिन्यात पारा 46-47 वर जाते अन् तेव्हाच तेंदूपत्त्याचं काम असते. अंग तापलं म्हणून पॅरासिटामॉल देतात, उष्माघातात ते कामाचं नाही, सावलीत न्या, ओल्या कपड्यानं अन् पंख्यानं अंग थंड करा, बरळत असेल तर तोंडानं पाणी पाजू नका. रेफर करायच्या आधी थंड करणं सुरू झालंच पाहिजे.

औषधवाला
दोघांचं पटलं, पण आपला दवाखाना काय करतो तेही शिकवा ना. मी एका ठिकाणी सलाईनच्या नळ्या मागच्या अंगणात जाळताना पाहिल्या, तो धूर शेजारच्या वस्तीत जात होता. नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, हे पाठ असते पण जाळलं तर काय होते ते कोणी सांगत नाही. आणि गिधाडांची गोष्ट सांगा. ढोरांना डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध टोचायचे, ते मेलेलं ढोर खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या, 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गिधाडं गेली की मेलेली ढोरं पडून राहतात, त्यावर भटकी कुत्री पोसतात, अन् रेबीजची लस शेवटी आपल्याच फ्रीजमधून काढा लागते.

कापूसपट्टा_टीचर
औषधवाले दादा, गिधाडांचं मला खरंच माहीत नव्हतं, तो पूर्ण एक तास होतो. सिस्टर, पोरगी हो म्हणाली तर दुसरा तास तिच्या काकांच्या हकीकतीनंच सुरू करते, त्यांनाच बोलावता आलं तर अजून चांगलं. विषबाधेच्या लक्षणांचा मराठी तक्ता कोणाकडे असेल तर इथे टाका, वर्गात लावायचा आहे.