मदत हवी आहे : खिडक्यांभोवतीचं सिलिकॉन पट्टीसारखं सुटून येतंय, आता कुठलं भरायचं?

पश्चिमखिडकी

नमस्कार मंडळी. नाशिक, गंगापूर रोड, चौथा मजला. पश्चिमेच्या भिंतीत तीन स्लायडिंग खिडक्या आहेत, प्रत्येक ५ बाय ४ फूट, पावडर कोटिंग केलेलं अ‍ॅल्युमिनियम. खाली ग्रॅनाइटची पट्टी, दोन्ही बाजूंना आणि वर सिमेंटचा गिलावा. चौकट आणि गिलाव्यातली फट कुठे ३ मिमी, कुठे ८ मिमी. गेल्या पावसाळ्याआधी बाहेरून पांढरं सिलिकॉन मारलं होतं. आता नखाने टोक उचललं की हातभर पट्टी सलग निघते. रबर चांगलं लवचिक आहे, ताणलं तरी तुटत नाही. अ‍ॅल्युमिनियमला घट्ट चिकटलेलं आहे, पण गिलाव्याकडच्या बाजूला पिठासारखी पांढरी भुकटी दिसते. आतून खिडकीखाली ओल आणि रंगाचे पोपडे.

दुकानात जीपी (जनरल पर्पज), वेदरप्रूफ, सॅनिटरी अशी नावं सांगतात आणि भावात बराच फरक आहे. नेमकं कोणतं घ्यायचं? जुन्यावरूनच नवीन मारलं तर चालेल का? तीन खिडक्यांना किती ट्यूब लागतील? आणि सोसायटी दिवाळीनंतर बाहेरून रंग काढणार आहे, त्याचं काय? मृग लागायच्या आत उरकायचं आहे.

सांधेजोड

ती पांढरी भुकटी हेच तुमचं उत्तर आहे. मारलेलं सिलिकॉन अ‍ॅसिटॉक्सी जातीचं असणार. ही जात हवेतली आर्द्रता घेऊन घट्ट होते आणि घट्ट होताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडते, म्हणजे व्हिनेगारचा वास. काच, ग्लेझ्ड टाइल, चिनी माती यांना त्या आम्लाने काही होत नाही, उलट पकड उत्तम बसते. पण सिमेंट, गिलावा, संगमरवर यांत चुना असतो. आम्ल आणि चुना भेटले की मधे कॅल्शियम अ‍ॅसिटेटचा भुसभुशीत थर तयार होतो. रबर शाबूत राहतं, त्याच्या पाठीमागची जमीनच निघून जाते. म्हणून पट्टी न तुटता सुटून येते.

दुकानात "जीपी" म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा हेच असतं. माल वाईट नाही, जागा चुकली. तुम्हाला हवंय न्यूट्रल क्युअर, म्हणजे घट्ट होताना आम्ल न सोडणारं, वेदरप्रूफ. ट्यूबच्या पाठीवर "न्यूट्रल" हा शब्द शोधा, नुसत्या "वेदरप्रूफ"वर जाऊ नका. खात्री हवी असेल तर कागदावर थोडं पिळून वास घ्या. डोळ्यांत झोंबणारा आंबट वास आला की ते तुमच्या खिडकीचं नाही.

न्यूट्रलमध्येही दोन प्रकार आहेत. ऑक्झाइम प्रकार जास्त दिसतो. त्यातून सुटणाऱ्या मेको या रसायनाला युरोपीय संघाने २०२२ पासून कर्करोगकारक वर्गात धरलंय, म्हणून बंद खोलीत वापरताना खिडक्या सताड उघड्या ठेवा. अल्कॉक्सी प्रकाराला वास जवळजवळ नसतो. बाल्कनीवर पॉलिकार्बोनेटचं छत असेल तर तिथे अल्कॉक्सीच घ्या, ऑक्झाइमने त्या पत्र्याला बारीक तडे जाऊ शकतात.

दुसरी गोष्ट फटीच्या मापाची, आणि याकडे कोणी बघतच नाही. ५ फुटांची अ‍ॅल्युमिनियमची चौकट थंडीतल्या पहाटेच्या १० अंशांपासून मे महिन्यात उन्हाने तापून ६० अंशांपर्यंत गेली, तर लांबीत पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. गिलावा त्याच्या निम्म्याहून कमी हलतो. ही सगळी ओढाताण सिलिकॉनने सोसायची असते. पांढरं सिमेंट भरलं की पहिल्याच वर्षी केसासारखी भेग पडते ती याचमुळे. २५ टक्के हालचाल सोसणारं सिलिकॉन ८ मिमीच्या फटीत २ मिमी सोसतं, ३ मिमीच्या फटीत जेमतेम पाऊण मिमी. म्हणून जिथे फट अरुंद आहे तिथे गिलाव्याची कड ग्राइंडरने कापून ती सगळीकडे ८ मिमी करा. अ‍ॅल्युमिनियमवर आधी जाड टेप लावा, नाहीतर चकतीने कोटिंग खरवडतं.

खोली ६ मिमी पुरे. रुंदीपेक्षा खोली जास्त झाली तर माल वाया जातो आणि सांधाही ताठर होतो. त्यासाठी आत बॅकर रॉड सरकवायचा, म्हणजे पॉलिइथिलिन फोमची गोल दोरी. ८ मिमीच्या फटीला १० मिमीचा रॉड, दाबून बसला पाहिजे. बोथट लाकडी पट्टीने सरकवा, टोकदार वस्तूने भोसकलात तर त्यातून हवा सुटून वर बुडबुडे येतात. रॉडचं दुसरं काम असं की सिलिकॉन तळाला चिकटू देत नाही. दोन बाजूंनाच चिकटलं तर ते रबरबँडसारखं ताणतं, तळालाही चिकटलं तर मधून फाटतं.

पश्चिमखिडकी

खूप आभार, आता डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे जुनं सगळं काढायचंच?

सांधेजोड

हो, सगळं. उरलेल्या पापुद्र्यावर नवीन नीट धरत नाही, आणि खाली भुकटी असेल तर धरून तरी काय उपयोग? कटरने दोन्ही कडांना चीर द्या, पट्टी ओढा, मग गिलाव्याची कड तारेच्या ब्रशने कोरडीच घासा, भुकटी संपून कडक सिमेंट लागेपर्यंत. धूळ ब्लोअरने किंवा सुक्या रंगाच्या ब्रशने उडवा, ओल्या फडक्याने पुसू नका. अ‍ॅल्युमिनियमला दोन फडकी लागतात. एकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं आणि ते उडून जायच्या आत लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. एकाच फडक्याने पुसलं तर तेलकटपणा जागच्या जागी पसरतो.

गिलावा सच्छिद्र असतो, त्यामुळे सिलिकॉनच्या कंपनीने सांगितलेला प्रायमर त्या कडेला एक हात मारा आणि डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या. कुठे नवीन गिलावा केला असेल तर तिथे चार आठवडे थांबावं लागेल. कड आतून ओली आहे का हे बघायला प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने रात्रभर चिकटवा. सकाळी आतल्या अंगाला दव दिसलं तर अजून सुकलेलं नाही.

ट्यूबचा हिशेब असा. एका खिडकीचा घेर १८ फूट, म्हणजे साडेपाच मीटर, तिन्ही मिळून साडेसोळा. ८ गुणिले ६ म्हणजे मीटरला ४८ मिली, एकूण साधारण ७९०. वाया जाणारं १५ ते २० टक्के धरा. ३०० मिलीच्या ४ ट्यूब घ्या. ६०० मिलीचं सॉसेज पॅक स्वस्त पडतं, पण त्याची गन वेगळी असते, आहे का विचारून घ्या. बॅकर रॉड १८ मीटर. ट्यूबवरची मुदत नक्की बघा. पत्र्याच्या गोदामात उन्हाळाभर पडलेली ट्यूब मुदतीतली असूनही कधीकधी घट्ट होत नाही. कागदावर बोटभर रेघ ओढा, अर्ध्या तासात वर कातडी धरली पाहिजे.

खिडकी_ट्रॅक

वरचं सगळं बरोबर आहे, पण ताई/दादा, एक गोष्ट आधी बघा. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी निघायची छोटी लांबट भोकं असतात. सिलिकॉन मारणारा माणूस खालची रेघ ओढताना तीच बुजवतो. हे फार ठिकाणी होतं. मग पश्चिमेचा झोडपणारा पाऊस ट्रॅकमध्ये साठतो, पातळी वर चढते आणि पाणी घरात येतं किंवा चौकटीच्या कोपऱ्यातून खाली भिंतीत उतरतं. खिडकीखालीच ओल आहे म्हणालात, म्हणून मला याचाच जास्त संशय आहे. ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता. बाहेर धार लागली पाहिजे. तुंबून राहिलं तर भोकं कटरने मोकळी करा, आतला गाळ आणि कबुतरांची पिसं जुन्या टूथब्रशने काढा.

मग पाइपने तपासणी. खालून वर जायचं. आधी फक्त ग्रॅनाइटच्या पट्टीवर १० मिनिटं पाणी, आत एकाने टॉर्च घेऊन उभं राहायचं. काही नाही आलं तर बाजू, मग वरची कड, शेवटी चज्जा आणि भिंतीचा सांधा. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

ग्रॅनाइटच्या पट्टीचा उतार बाहेर आहे का तेही लेव्हल ठेवून बघा. उतार आत असेल तर कितीही महाग सिलिकॉन तिथे उभं राहिलेलं पाणी अडवत बसेल, आणि कधीतरी हरेल. तिथे पट्टी उचलून पुन्हा बसवणं हाच इलाज.

रंगकाम_सातपूर

रंगाबद्दल. सिलिकॉनवर रंग बसत नाही, मण्यांसारखा गोळा होतो. आजूबाजूला बोटाने फासलेलं सिलिकॉन तर आणखी वाईट, भिंतीवर दिसत नाही पण रंग मारला की डाग उघडे पडतात. तुम्हाला दोन वाटा आहेत. एक, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून रेघ नेमकी फटीतच ठेवायची, रंग भिंतीच्या छटेजवळचा घ्यायचा आणि दिवाळीनंतर पेंटरला रेघेच्या कडेला थांबायला सांगायचं. दुसरी, सिलिकॉनऐवजी रंग धरणारं हायब्रिड म्हणजे एमएस पॉलिमर सीलंट. गिलाव्यालाही चांगलं धरतं, पण मारायच्या आधी ज्या रंगाने भिंत रंगणार त्याचा एक हात सुकलेल्या तुकड्यावर मारून बघा. पॉलियुरेथेनलाही रंग बसतो, पण उघड्या उन्हात रंगाशिवाय ठेवलं तर त्यावर खडूसारखी पूड धरते.

दिवाळीपर्यंत पाच-सहा महिने उघडं राहणार आणि ऊन पश्चिमेचं, म्हणून मी पहिलीच वाट घेईन. उन्हाला सिलिकॉनइतकं टिकणारं यातलं दुसरं काही नाही. अ‍ॅक्रिलिकची स्वस्त ट्यूब कोणी सुचवली तर घेऊ नका. ती आतल्या भिंतीच्या बारीक भेगांना, रंगाखाली ठीक. सुकताना आक्रसते.

पश्चिमखिडकी

भोकं बघितली. तिन्ही खिडक्यांना खालून पांढरी रेघ, एकही भोक उघडं नव्हतं! एक मोकळं केलं तर चहाच्या रंगाचं पाणी आलं. आता शेवटचं विचारते : उरलेल्या ट्यूबने बाथरूमचा आरसा आणि ओट्याची मागची कड भरली तर चालेल का? आणि काम करायची वेळ कोणती?

सांधेजोड

आरशाला न्यूट्रलच हवं, ते चालेल. आंबट वासाचं लावलं तर पाठीमागचा चांदीचा मुलामा काळा पडतो, कडेपासून आत सरकत जाणारे काळे डाग तेच. बेसिन आणि टाइलच्या सांध्याला मात्र सॅनिटरी घ्या, त्यात बुरशीनाशक असतं. बुरशीनाशक हळूहळू धुतलं जातं, म्हणून तिथली रेघ काही वर्षांनी बदलायचीच. सॅनिटरी कधी माशांच्या टाकीला लावू नका.

ओट्याला थांबा. साध्या सिलिकॉनमधलं तेल ग्रॅनाइटमध्ये मुरतं आणि कडेने कायमचा गडद पट्टा उठतो, विशेषतः फिक्या दगडात. नैसर्गिक दगडासाठी डाग न पाडणारं म्हणून लिहिलेलं न्यूट्रल मिळतं, ते आणा. तुमच्या खिडकीच्या ग्रॅनाइटलाही हाच नियम. दगड फिका असेल तर तिन्ही खिडक्यांना तेच वापरा, वेगवेगळ्या ट्यूबचा घोळ नको.

वेळ सकाळची. पश्चिमेची भिंत दुपारपर्यंत सावलीत असते, ११ च्या आत उरका. तापलेल्या चौकटीवर मारलं तर तिथल्या तिथे कातडी धरते आणि पट्टीने दाबायला वेळच मिळत नाही. नळीचं टोक ४५ अंशांत फटीपेक्षा किंचित लहान कापा, गन सलग एका वेगाने पुढे न्या, आणि ५ मिनिटांच्या आत गोल कडेच्या पट्टीने एकदाच दाबून ओढा. पट्टी साबणाच्या पाण्यात बुडवायची सवय असेल तर चांगली झटकून घ्या, ते पाणी न भरलेल्या फटीत गेलं तर तिथली पकड गेली. टेप लगेच, ओलं असतानाच तिरका ओढून काढा.

पुढचे २४ तास पाऊस नको. दिवसाला साधारण २ मिमी घट्ट होतं, आणि मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत आणखी सावकाश. पाइपची तपासणी आठवड्याने करा. त्याच वेळी एका कोपऱ्यात रेघ आडवी कापा, दोन्ही कडांनी ५ सेंमी चीर देऊन शेपूट सोडवा आणि जोरात ओढा. रबर फाटलं तर पकड पक्की. गिलाव्यावरून स्वच्छ सुटून आलं तर ती बाजू पुन्हा घासून, प्रायमर मारून करावी लागेल. कापलेली जागा त्याच ट्यूबने भरून टाका, ताज्या कापलेल्या सिलिकॉनला तेच सिलिकॉन नीट धरतं.

बाहेरून काम करायला दोरावर टांगलेल्या झुल्यावर बसणाऱ्या माणसाला सेफ्टी बेल्ट आणि वेगळा दोर असल्याशिवाय खाली सोडू देऊ नका.