मदत हवी आहे: खाताना 'ताबा सुटणं' मुलींना कळेल अशा शब्दांत कसं विचारू?

नमस्कार. मी नागपुरात मानसशास्त्रात एम. ए. करते, दुसरं वर्ष. लघुप्रबंधाचा विषय आहे कॉलेजच्या मुलींचा उतावळेपणा आणि खाण्याच्या तक्रारी. व्हाइटसाइड आणि लायनम या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये उतावळेपणाचे चार पैलू मांडले. त्यातला 'अर्जन्सी', म्हणजे राग किंवा रडू अनावर झालं की त्या भरात काहीतरी करून बसणं, बुलिमियाच्या (ताबा सुटून खूप खाणं आणि मग वजन वाढू नये म्हणून उलटी काढणं, उपाशी राहणं असा आजार) लक्षणांशी सगळ्यात जास्त जोडलेला आढळतो. तेच मला इथे तपासायचंय.

अडलंय भाषांतरात. खाण्याच्या तक्रारींसाठी 'स्कॉफ' ही इंग्लंडमधली १९९९ची पाच प्रश्नांची चाळणी घेतली आहे. दोन 'हो' आले की पुढची तपासणी. पहिल्या प्रश्नातल्या 'सिक'चं मी आधी 'आजारी' केलं होतं, अर्थ निघाला मुद्दाम उलटी काढणं. ते सुधारलं. वजन घटल्याच्या प्रश्नातल्या 'वन स्टोन' या इंग्लंडमधल्या वजनमापाचे ६.३५ किलो केले.

अडून बसलाय तो दुसरा प्रश्न: किती खातो यावरचा ताबा सुटलाय अशी काळजी वाटते का? 'ताबा' वाचून मुली विचारतात, "म्हणजे डाएट मोडणं का?" 'अधाशासारखं', 'हावरट' या शब्दांत तर आईचा ओरडाच ऐकू येतो. त्याला 'हो' कोण लिहील? पूर्वचाचणीत एकीने पाचही ठिकाणी 'नाही' लिहिलं. कागद देताना मात्र घुटमळली. (तिला विचारूनच लिहितेय.) घरात तिच्या अंगावरून कोणी बोललं, की रात्री सगळे निजल्यावर ती लाईट न लावता फ्रिजपाशी उभी राहून खाते. संत्रा बर्फी, मग गार भात, मग नुसती साखर. डब्याच्या झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून ते ओढणीत धरून उघडते. "पोट दुखतं ताई, पण हात थांबत नाही."

तिला आमच्या विभागातल्या समुपदेशक मॅडमकडे मी स्वतः घेऊन गेले. आणि प्रश्न आता असा लिहिलाय: 'पोट भरलं तरी खाताना हात थांबत नाही, याची तुला काळजी वाटते का?' तुमच्या गावच्या मुलींना हे कळेल? की गप्पा मारता मारता चिवडा खाणारीही 'हो' म्हणेल?

आणखी एक. मी स्वतः जोडलेला प्रश्न उपाशी राहण्याबद्दल आहे, पण आपल्याकडे सोमवार आहे, चतुर्थी आहे, नवरात्राचे नऊ दिवस आहेत. "आज उपवास आहे" म्हटलं की घरात कोणी पुढे काही विचारत नाही, मग तो देवासाठी असो की वजनासाठी. हे वेगळं कसं काढू? थेट विचारलं तर खरं सांगतील?

समुपदेशक, शिक्षक, किंवा ज्यांनी हे स्वतः भोगलंय, त्यांनी जरूर लिहा. उघडपणे नको असेल तर निरोपातून. मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून देणारे, मूळ चाचणी न पाहिलेले दोघंजणही हवे आहेत. प्रत्येक प्रतीच्या मागे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा मोफत नंबर छापणार आहे. छपाई पुढच्या आठवड्यात आहे, त्याआधी हा दुसरा प्रश्न पक्का करायचाय.