जुनी डिझेल पिकअप माळशेज चढताना मधूनच मिस मारते. फिल्टर, नोझल, पंप सगळं झालं, आता इंजिनचं हेड उघडू का?

ओतूरचा_टोमॅटोवाला

नमस्कार मंडळी. गाडी २००७ ची डिझेल पिकअप, चार सिलिंडर, रोटरी पंप (टाकीतून डिझेल ओढून दाबाने नोझलला देणारा). कॉम्प्युटर, सेन्सर काही नाही. तेव्हा स्कॅनर लावा असं कृपया सांगू नका, लावायला भोकच नाही. ३ लाख ८० हजार किलोमीटर झालेत.

माझं काम टोमॅटोचं. संध्याकाळी नारायणगावला कॅरेट भरायचे, माळशेज उतरायचा, मुरबाड, कल्याण करत पहाटेच्या आत वाशी मार्केट. मग रिकामे कॅरेट घेऊन दुपारपर्यंत घरी.

दुखणं असं की भरल्या गाडीला काही होत नाही. माल घेऊन वाशीपर्यंत तक्रार नाही. येताना रिकामी असते, आणि मोरोशी सोडून घाट लागला की मिस मारायला लागते. आधी एक सिलिंडर गेल्यासारखी थडथड, मग दोन गेल्यासारखी, मग पाय दाबून धरला तरी काही नाही, आणि एकाएकी पुन्हा उचलते. मागे पांढुरका धूर. वर खुबी फाट्याला चहाला दहा मिनिटं थांबलं की पुढे ओतूरपर्यंत ब्र काढत नाही. रोज होतं असंही नाही. गॅरेजला नेली की एकदम गुणी बाळ.

आतापर्यंत तीन गॅरेज झाली. पहिल्याने फिल्टर बदलले. दुसऱ्याने चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) नवीन टाकले. तिसऱ्याने पंप उतरवून पंपवाल्याकडे दिला (डिझेल भरणारा नव्हे, पंप टेस्टिंगवाला), त्याचे १४ हजार. दर वेळी दोन फेऱ्या गुण येतो, आपण देवाला नारळ फोडतो, आणि तिसऱ्या फेरीला परत तेच. आता म्हणतात व्हॉल्व्ह गरम झाला की अडकत असेल, हेड उघडू. परवा धुक्यात घाटातच बंद पडली, मागे भरलेला ट्रक. हेडला हात लावायच्या आधी विचारतोय.

नाक्यावरचा

१८ वर्षांची गाडी आहे भाऊ. विका आणि मोकळे व्हा.

ओतूरचा_टोमॅटोवाला

टोमॅटोचा भाव विचारून मग हा सल्ला द्या.

देवगड_कोल्हापूर

मी हापूसच्या सीझनला फोंडा घाट करतो, गाडी तुमच्यासारखीच रोटरी पंपाची. मला असाच त्रास होता. पंपावर डिझेल बंद करणारा सोलेनॉइड असतो, चावी बंद केली की त्याची वीज जाते आणि इंजिन थांबतं. त्याच्या वायरचं टोक ढिलं झालं होतं. खड्डा आला की क्षणभर वीज तुटायची. तिथली वायर हलवून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

ओतूरचा_टोमॅटोवाला

हलवली. टोक घासून घट्ट बसवलं. काल पुन्हा तिसऱ्या वळणावर तेच. आभारी आहे, निदान खर्च शून्य.

डेपोतला_फिटर

एस.टी.च्या डेपोत ३१ वर्षं काढली, आता घरी असतो. देवगडवाल्यांचं चुकीचं नाही, पण दोन दुखणी वेगळी आहेत. सोलेनॉइडची वीज गेली की चारही सिलिंडर एकदम जातात. गाडीला धक्का बसतो, कुणी मागून कॉलर धरल्यासारखा. यांची गाडी आधी एक, मग दोन अशी हळूहळू जाते आणि पांढुरका धूर टाकते. म्हणजे डिझेल जातंय, पण पुरेसं किंवा वेळेवर जात नाही, अर्धंमुर्धं जळून बाहेर पडतंय. वीज अशी हप्त्याहप्त्याने जात नाही.

नोझल खराब असता तर तोच सिलिंडर रोज, चढ असो की सपाट, मिस मारला असता. ते बघायची जुनी रीत म्हणजे इंजिन सुरू ठेवून नोझलच्या पाईपचं एकेक युनियन (जोडाचा नट) थोडं ढिलं करायचं. ज्याने आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. पण नवीन कॉमन रेल (कॉम्प्युटरवाल्या डिझेल) गाडीवाल्यांनी हे वाचून पाना हातात घेऊ नये. तिथला दाब हजार बारच्या वर असतो, डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि बोट कापायची वेळ येते.

ओतूरकर, मला तीन गोष्टी सांगा. मिस मारते तेव्हा डिझेलचा काटा कुठे असतो? त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो का? आणि घाटात फिल्टरवरचा हँड पंप मारून बघितलात का?

ओतूरचा_टोमॅटोवाला

काका, सकाळचं बरोबर. कधी कधी सेल्फ चार-पाच वेळा मारावा लागतो, मी बॅटरीवर ढकलत होतो. हँड पंपाचंही बरोबर. धुक्यात बंद पडली तेव्हा क्लीनरने वीसेक वेळा दाबला, आधी मऊ लागला, मग कडक झाला, मग गाडी निघाली.

काट्याचं आठवेना म्हणून फेरीची वही काढली. मी डिझेल आणि किलोमीटर रोज लिहितो. वही बघून रात्री झोप लागली नाही. ज्या ज्या दिवशी त्रास झाला त्या दिवशी काटा पावच्या खाली असणार, हिशोबच तसा लागतो. येताना मी डिझेल टाकत नाही, घरी आल्यावर आपल्या ओळखीच्या पंपावर उधारीत भरतो.

आणि दुसरी गोष्ट. आमच्या वडिलांची सवय होती, गॅरेजमधून निघालेली गाडी उपाशी घरी आणायची नाही. मीही तेच करतो, दुरुस्ती झाली की टाकी फुल. फुल टाकीवर माझ्या दोन फेऱ्या निघतात. म्हणजे फिल्टरने नाही, नोझलने नाही, १४ हजारांच्या पंपानेही नाही, गुण टाकीनेच दिला का?

डेपोतला_फिटर

असंच दिसतंय. गाडी हवा घेतेय. चढावर नाक वर होतं, डिझेल टाकीच्या मागच्या बाजूला सरकतं आणि ओढणाऱ्या पाईपपाशी कमी पडतं. खुबीला सपाट जागेवर थांबलात की ते पुन्हा समपातळीत येतं. तुम्हाला वाटलं इंजिन थंड झालं. जाताना टाकीत डिझेल जास्त आणि पुढे उतार, म्हणून भरल्या गाडीला त्रास नाही.

पंप डिझेल ओढतो, म्हणून टाकी ते पंप या पट्ट्यात भोक असलं तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. जमिनीवर थेंब शोधून उपयोग नाही. आता असं करा.

फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक डिझेल पाईप टाका, दोन्हीकडे नीट क्लॅम्प. काटा पावच्या खाली असताना चढावर गाडी उभी करा, चाकांना दगड लावा, कुणाला तरी रेस द्यायला बसवा. बुडबुडे दिसले की अर्धा खटला संपला. मग तोच तुकडा टाकीच्या अगदी तोंडाशी जोडा. तिथे बुडबुडे नाहीत आणि फिल्टरजवळ आहेत, तर दोष मधल्या लाइनमध्ये. तिथेही आहेत, तर दोष टाकीच्या आत.

काही लोक कॅनमधून डिझेल देऊन बघतात. चालतं, पण कॅन इंजिनपेक्षा उंच ठेवला की डिझेल आपसूक उतरतं आणि पुढच्या लाइनचा दोष झाकला जातो. आणि बोनेटमध्ये सायलेन्सरजवळ कॅन टांगणारे महाभाग मी पाहिलेत. ते करू नका.

ओतूरचा_टोमॅटोवाला

उशीर झाला, मध्ये लग्नसराईचा माल होता.

काका, तुमच्या पायाशी बसायला पाहिजे. घराशेजारच्या चढावर पुढची चाकं अजून एका दगडावर चढवली आणि बघितलं. फिल्टरजवळ बुडबुड्यांची माळ. टाकीच्या तोंडाशीही तीच माळ. टाकी उतरवली, काट्याच्या फ्लोटसकट आतला ओढणारा पाईप बाहेर काढला. बुडापासून चार बोटं वर, पट्टी जोडलेली आहे तिथे, गंजाने सुईच्या टोकाएवढं भोक. वरचं टोक बोटाने बंद करून खालून फुंकलं तेव्हा सापडलं, नुसत्या डोळ्याला दिसतच नव्हतं. डिझेल भोकाच्या वर असेल तोवर भोकातूनही डिझेलच जायचं, म्हणून कुणाला कळलं नाही.

रेडिएटरवाल्याने पाईप धुऊन पितळी वेल्डिंग मारलं, २५० रुपये. टाकीच्या बुडाला गंजाचा चिखल होता, तोही काढला. नंतर मुद्दाम काटा तळाला नेऊन तीन फेऱ्या केल्या. माळशेज तिसऱ्या गिअरमध्ये, खुबीला न थांबता. चहावाला विचारत होता, काय रुसलात का.

डेपोतला_फिटर

छान. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवली की आतल्या हवेतलं पाणी पत्र्यावर धरतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. उधारीचं काय ते बघा, पण रात्री उभी करताना अर्धी तरी असू द्या. आणि जुने नोझल फेकू नका. टेस्टिंगला लावून घ्या, चांगले निघाले तर स्पेअरला होतील.

ओतूरचा_टोमॅटोवाला

चारपैकी तीन सापडले. चौथ्याला पोराने दोरी बांधून भोवरा केलाय. रात्री झोपला की काढून घेतो.