मदत हवी आहे: टेक्सासच्या काउंटी जेलमधल्या मुलाशी साताऱ्याहून आईला बोलायचं आहे

मित्राचा धाकटा भाऊ ह्यूस्टनजवळच्या एका काउंटी जेलमध्ये आहे. खटला सुरू व्हायचा आहे, वकील नेमलेला आहे, त्यामुळे केसबद्दल सल्ला नको. आई साताऱ्याला, तिच्याकडे व्हिसा नाही. मायलेकरांचं बोलणं कसं घडवायचं एवढंच विचारतोय.

जेलमध्ये बाहेरून फोन लागत नाही, म्हणून जेलच्या फोन कंपनीकडे माझ्या अमेरिकन नंबरवर प्रीपेड खातं उघडलं (कॅन्टीनचं खातं वेगळं, तिथले पैसे फोनला चालत नाहीत). त्याचा फोन येतो, पण आईला कॉन्फरन्सवर घेतलं की यंत्रणा थ्री-वे कॉल ओळखून लाइन तोडते. तो प्रकार आता बंद केलाय, कारण त्यापायी त्याचीच फोनची सवलत जाऊ शकते. +९१ नंबर खात्यात घेत नाहीत. घरबसल्या व्हिडिओ भेटीच्या नोंदणीत आईचा भारतीय पासपोर्ट नाकारला, कारण दिलं नाही. बुकिंग नंबर (जेलने त्याला दिलेला क्रमांक) घातलेली पत्रं पोचतात, पण फार उशिरा. कॉल रेकॉर्ड होतात हे दोघांना सांगून ठेवलंय, केसचा विषय निघणार नाही.

भारतीय पासपोर्टवर अशी नोंदणी कुणी मंजूर करून घेतली आहे का? त्यासाठी व्हिडिओ कंपनीकडे जायचं की जेलच्या भेट विभागाकडे? आणि व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे (परदेशात अटकेत असलेल्याला आपल्या देशाच्या दूतावासाशी संपर्काचा हक्क) त्याने ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य दूतावासाची भेट मागितली, तर तिथले अधिकारी जेलला सांगून आईला एक फोन लावून देऊ शकतात का?